उंच इमारतीचे डोलणे पाण्याने कसे आवरावे: हिंदकळत्या टाकीच्या डॅम्परची आखणी

योकोहामातले शिन-योकोहामा प्रिन्स हॉटेल ही १४९ मीटर उंचीची गोल इमारत १९९२ मध्ये उभी राहिली. तिच्या सर्वांत वरच्या मजल्यावर फायबरच्या गोल भांड्यांच्या ३० चवडी कडे करून मांडल्या आहेत. एकेका चवडीत नऊ भांडी. भांड्याचा व्यास २ मीटर, उंची २२ सेंटिमीटर आणि आतले पाणी फक्त १२.४ सेंटिमीटर खोल. सगळे मिळून वजन सुमारे १०० टन, म्हणजे इमारतीच्या पहिल्या कंपनप्रकारात भाग घेणाऱ्या वस्तुमानाच्या साधारण एक टक्का. वाऱ्याचा वेग सेकंदाला २० मीटरच्या वर गेल्यावर या पाण्यामुळे इमारतीचे डोलणे ५० ते ७० टक्क्यांनी कमी होते, असे तिथल्या मोजमापांत आढळले.

यात मोटर नाही, तेल नाही, वीज गेली तर बंद पडेल असे काही नाही. म्हणूनच ही पद्धत मला फार मोलाची वाटते. पण तिची एक अट आहे आणि ती टाळता येत नाही. इमारत प्रत्यक्षात किती वेगाने डोलते हे बांधकामानंतर मोजून त्यानुसार पाण्याची पातळी ठरवली, तरच ही टाकी डॅम्पर, म्हणजे डोलणे शोषून घेणारे साधन, ठरते. नाहीतर ते गच्चीवर चढवलेले दोन-तीनशे टनांचे नुसते ओझे. पुढचे सगळे टप्पे या एका अटीभोवती रचले आहेत. स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये काम करणाऱ्या तरुण अभियंत्यांसाठी ते लिहिले आहेत, मात्र शेवटचे दोन भाग प्रकल्प सांभाळणाऱ्या आणि पुढे इमारतीची देखभाल करणाऱ्या मंडळींनीही जरूर वाचावेत.

पाणी नेमके काय करते

काठोकाठ भरलेली बादली घेऊन चालताना पावलांची लय पाण्याच्या लयीशी जुळली की पाणी उसळून बाहेर पडते. डॅम्परमध्ये हीच जुळणी मुद्दाम साधायची असते. टाकीतल्या पाण्याची हिंदकळण्याची वारंवारता इमारतीच्या डोलण्याच्या वारंवारतेजवळ आणली की पाणी जोरात हलू लागते, आणि त्याची हालचाल इमारतीच्या हालचालीपेक्षा जवळजवळ पाव आवर्तनाने मागे राहते. त्यामुळे टाकीच्या भिंतींवरचा पाण्याचा दाब नेमका इमारतीच्या वेगाच्या विरुद्ध दिशेने पडतो. इमारतीची ऊर्जा पाण्यात जाते. तिथे ती लाटा फुटण्यात, भिंतींशी होणाऱ्या घर्षणात आणि मुख्यतः वाटेत उभ्या केलेल्या स्क्रीनमधून, म्हणजे पट्ट्यांच्या जाळीवजा आडोशातून, पाणी वाहताना खर्च होते.

जहाजांचे डोलणे कमी करण्यासाठी पाण्याच्या टाक्या एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहेत. इमारतींत ही युक्ती जपानने रुजवली. १९८७ मध्ये नागासाकी विमानतळाच्या ४२ मीटरच्या मनोऱ्यावर अशी भांडी बसली आणि त्याच वर्षी योकोहामा मरीन टॉवरवरही. या दुसऱ्या मनोऱ्याचे डॅम्पिंग, म्हणजे डोलणे विझवण्याची क्षमता, सेकंदाला १६ ते २० मीटरच्या वाऱ्यात ०.६ टक्क्यावरून ४.५ टक्क्यांवर गेले. १९९३ च्या हानेदा विमानतळाच्या ७७.६ मीटरच्या मनोऱ्यात तर सुमारे १४०० छोटी भांडी आहेत.

डॅम्पर हवाच का, हे आधी तपासा

पाण्याचा डॅम्पर माणसांच्या सोयीसाठी असतो, इमारतीच्या ताकदीसाठी नाही. टाकी पूर्ण रिकामी आहे असे धरूनही इमारत वाऱ्यात आणि भूकंपात सुरक्षित राहिली पाहिजे. ताकदीच्या हिशेबात डॅम्परची मदत धरून खांब आणि भिंती बारीक करण्याचा मोह होतो. तो टाळा.

आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या भारांच्या भारतीय संहितेनुसार इमारतीची उंची तिच्या किमान रुंदीच्या पाचपटींहून जास्त असेल किंवा पहिली वारंवारता १ हर्ट्झपेक्षा कमी असेल, तर वाऱ्याचे गतिक परिणाम तपासावे लागतात. मुंबईसाठी याच संहितेत वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. उंच काँक्रीट इमारतींच्या आयएस १६७०० या संहितेत दहा वर्षांच्या पुनरावृत्तिकाळाच्या, म्हणजे सरासरी दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या, वाऱ्यात निवासी इमारतीच्या कमाल प्रवेगाची मर्यादा ०.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. साधारण ०.०५ च्या आसपास बऱ्याच माणसांना हालचाल जाणवू लागते. ०.१५ ला झुंबरे हलताना दिसतात आणि काहींना मळमळते.

विंड टनेलच्या चाचणीत, म्हणजे इमारतीच्या प्रतिकृतीवर वारा सोडून केलेल्या मोजणीत, प्रवेग मर्यादेबाहेर आला तर लगेच डॅम्परकडे धावू नका. आधी इमारतीच्या आकाराकडे पाहा. उंच इमारतीत बहुधा त्रास होतो तो वाऱ्याच्या दिशेला आडव्या डोलण्याचा, कारण दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात. कोपरे कापले, त्यांना पायऱ्या दिल्या किंवा वर जाताना रुंदी बदलली की या भोवऱ्यांची लय मोडते. तैपेई १०१ च्या कोपऱ्यांना करवतीसारखे दाते दिल्याने पायथ्यावरचा वाऱ्याचा परिणाम सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. तरीही तिथे ६६० टनांचा लोलक बसवावाच लागला. आकार सुधारल्यावर जे उरते, तेवढ्यासाठी डॅम्पर.

तीन आकडे हाताशी घ्या

पहिला आकडा वारंवारता, दोन्ही आडव्या दिशांची आणि पिळाचीही. दुसरा मोडल वस्तुमान, म्हणजे त्या कंपनप्रकारात भाग घेणारे वस्तुमान. ते काढताना टाकीच्या पातळीवरचे विस्थापन १ धरा. इथे घोटाळा झाला तर पुढचे सगळे गणित चुकते. उंचीभर सारखे वजन आणि सरळ रेषेत वाढणारे विस्थापन असेल तर मोडल वस्तुमान एकूण वस्तुमानाच्या तिसऱ्या हिश्शाजवळ येते. तुमचे उत्तर यापासून फार लांब असेल तर मॉडेल पुन्हा तपासा. तिसरा आकडा इमारतीचे स्वतःचे डॅम्पिंग. ते आधी मोजता येत नाही, म्हणून सोयीच्या प्रवेगांसाठी काँक्रीट इमारतीला १ टक्का धरणे शहाणपणाचे. जास्त धरले तर डॅम्परची गरजच कागदावरून नाहीशी होते आणि त्रास रहिवाशांच्या वाट्याला येतो.

पुढचे गणित एका कल्पित इमारतीवर करू. उंची १८० मीटर, निवासी, काँक्रीटची. कमकुवत दिशेची वारंवारता ०.२० हर्ट्झ, म्हणजे एक हेलकावा पाच सेकंदांचा. मोडल वस्तुमान १८,००० टन, स्वतःचे डॅम्पिंग १ टक्का. विंड टनेलने दिलेला दहा वर्षांचा प्रवेग ०.२१. तो ०.१५ च्या खाली आणायचा आहे.

किती डॅम्पिंग, किती पाणी

अनुनादामुळे येणारा प्रवेग डॅम्पिंगच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. ०.२१ भागिले ०.१५ म्हणजे १.४, त्याचा वर्ग १.९६. म्हणजे एकूण डॅम्पिंग किमान २ टक्के हवे. झोतांमुळे होणारा मंद भाग डॅम्पिंगने कमी होत नाही, आणि प्रत्यक्षातली टाकी सूत्रातल्या टाकीइतकी नेटकी चालत नाही. म्हणून मी सिद्धांतात मिळणारे अतिरिक्त डॅम्पिंग गरजेच्या दुपटीहून जास्त ठेवतो.

नीट जुळवलेल्या डॅम्परमुळे मिळणारे अतिरिक्त डॅम्पिंग साधारणपणे वस्तुमान-गुणोत्तराच्या, म्हणजे हलणारे पाणी भागिले मोडल वस्तुमान याच्या, वर्गमुळाच्या पाव असते. गुणोत्तर १ टक्का, म्हणजे ०.०१ घेतले तर वर्गमूळ ०.१ आणि पाव म्हणजे ०.०२५, अर्थात अडीच टक्के. गुणोत्तर दुप्पट केले तरी डॅम्पिंग दुप्पट होत नाही, ते साडेतीन टक्क्यांपर्यंतच जाते. बहुतेक इमारतींत अर्धा ते दोन टक्के या पट्ट्यातच व्यवहार जुळतो.

आपल्या इमारतीला १ टक्का म्हणजे १८० टन पाणी हलते राहायला हवे. इथे अनेक जण फसतात. टाकीतले सगळे पाणी हिंदकळत नाही, तळाचा भाग टाकीबरोबर घट्ट बसल्यासारखा जातो. हलणारा हिस्सा खोली आणि लांबी यांच्या गुणोत्तरावर ठरतो. पाणी उथळ असेल तर तो जास्तीत जास्त ८१ टक्के असतो, आणि खोली लांबीच्या पाचव्या हिश्शाइतकी झाली की ७२ टक्क्यांवर येतो. खोल टाकीत बरेचसे पाणी नुसते वजन म्हणून बसते.

टाकीची लांबी आणि पाण्याची खोली

आयताकृती टाकीसाठी सूत्र असे. वा ही वारंवारता, ल ही डोलण्याच्या दिशेतली टाकीची आतली लांबी, ख ही पाण्याची खोली, ग म्हणजे ९.८१ आणि पाय म्हणजे ३.१४१६:

वा × वा = [ग ÷ (४ × पाय × ल)] × टॅनएच(पाय × ख ÷ ल)

टॅनएच हे कॅल्क्युलेटरवरचे हायपरबोलिक टॅन्जंटचे बटण. गोल भांड्यासाठी त्रिज्या त्रि धरून [१.८४१ × ग ÷ (४ × पाय × पाय × त्रि)] × टॅनएच(१.८४१ × ख ÷ त्रि). योकोहामाच्या भांड्याचे आकडे घालून पाहा: त्रिज्या १ मीटर, खोली ०.१२४ मीटर. उत्तर ०.३२ हर्ट्झ येते, म्हणजे तीन सेकंदांहून थोडा जास्त हेलकावा, आणि ती इमारत याच सुमारास डोलते. भांडी इतकी उथळ का आणि चवडीवर चवड का, याचे उत्तरही यातच मिळते. छोट्या भांड्यात खोल पाणी भरले तर ते इमारतीपेक्षा खूप भरभर हिंदकळेल.

आता आपली टाकी. उत्तम परिणामासाठी पाणी इमारतीपेक्षा किंचित मंद जुळवतात. १ टक्का गुणोत्तराला हा गुणक ०.९९३ आहे, म्हणून लक्ष्य ०.१९८५ हर्ट्झ. आतली लांबी १० मीटर घेतली तर सूत्रातून खोली १.७७ मीटर येते. या खोलीला हलणारा हिस्सा सुमारे ७४ टक्के, म्हणून १८० टनांसाठी एकूण पाणी २४५ टन आणि टाकीची रुंदी १३.८ मीटर. ती मधल्या भिंतीने दोन भागांत विभागा. एक भाग दुरुस्तीसाठी रिकामा केला तरी दुसरा चालू राहतो, आणि आडव्या दिशेत नको असलेल्या लाटाही आवाक्यात राहतात. दुसरी दिशाही आवरायची असेल तर त्या भागांची रुंदी त्या दिशेच्या वारंवारतेशी जुळेल अशी निवडा. खोली मात्र दोन्ही दिशांना एकच असते, हे बंधन पहिल्या आराखड्यापासून ध्यानात ठेवा.

जागा लांबट आणि चिंचोळी असेल तर यू आकाराची टाकीही चालते. तिचे गणित सोपे आहे, कारण वारंवारता पाण्याच्या स्तंभाच्या एकूण लांबीवरच ठरते. ०.२० हर्ट्झला ती सुमारे १२.४ मीटर लागते. व्हँकुव्हरच्या वन वॉल सेंटरमध्ये आणि फिलाडेल्फियाच्या कॉमकास्ट सेंटरमध्ये हाच प्रकार वापरला आहे. आपला भर मात्र साध्या टाकीवरच ठेवू.

अंदाज चुकणार, हे धरूनच टाकी बांधा

माझ्या मते संपूर्ण आखणीतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि नेमकी इथेच घाई होते. संगणकातली ०.२० हर्ट्झ ही वारंवारता फक्त अंदाज असते. काँक्रीटची खरी ताकद डिझाइनपेक्षा जास्त भरते, विटांच्या आणि ब्लॉकच्या भिंती ताठरपणा वाढवतात, राहते वजन गृहीत धरल्यापेक्षा कमी असते. त्यामुळे बांधलेली इमारत बहुधा मॉडेलपेक्षा ताठर निघते. दुसरीकडे काँक्रीटला तडे गेले की वारंवारता उतरते.

समजा मोजणीत वारंवारता १५ टक्के जास्त, म्हणजे ०.२३ हर्ट्झ आली. तीच १० मीटरची टाकी जुळवायला आता पाणी २.५७ मीटर खोल भरावे लागेल. वजन २४५ टनांवरून सुमारे ३५४ टनांवर जाते! उलट वारंवारता १० टक्के कमी निघाली तर खोली १.३८ मीटर आणि पाणी अवघे १९१ टन. तेव्हा हलणारे पाणी १४६ टन उरते आणि गुणोत्तर ०.८ टक्क्यावर येते. तरी काम भागते.

म्हणून टाकीखालचा स्लॅब, तुळया आणि खांब २४५ नाही तर ३५४ टनांसाठी डिझाइन करा. भिंतींची उंचीही त्याच हिशेबाने ठरवा. हे आधी केले नाही तर मोजणीनंतर पाणी वाढवायची वेळ आल्यावर स्लॅब परवानगी देत नाही, आणि डॅम्पर कायमचा बेसुरा राहतो. आणखी एक सोय म्हणजे टाकीच्या एका टोकाला सरकवता येणारी आडभिंत. लांबी थोडी कमी करूनही वारंवारता वाढवता येते आणि पाणी वाढवावे लागत नाही.

पातळीतला फरक किती सोसतो हेही काढून ठेवा. आपल्या टाकीत १० सेंटिमीटर पाणी कमी-जास्त झाले तर वारंवारता सव्वादोन ते अडीच टक्के हलते. एवढे चालून जाते. ३० सेंटिमीटर कमी झाले तर चालत नाही.

स्क्रीन: पाण्याला योग्य तेवढाच अडथळा

गुळगुळीत मोठ्या टाकीत पाण्याचे स्वतःचे डॅम्पिंग एका टक्क्याहूनही कमी असते. १ टक्का गुणोत्तराला ते सुमारे ५ टक्के हवे. कमी असेल तर पाणी शोषलेली ऊर्जा इमारतीला परत देते आणि डोलणे कमी-जास्त होत लांबत जाते. जास्त असेल तर पाणी सुस्तावते आणि टाकी नुसती वजन बनते. योकोहामाच्या भांड्यांत यासाठी आतल्या बाजूला बारा उंचवटे आहेत, त्यांनी पाण्याचे गोल फिरणेही थांबते. आयताकृती टाकीत स्टेनलेस स्टीलच्या किंवा फायबरच्या पट्ट्यांचे उभे स्क्रीन लावतात. आडवा वेग टाकीच्या मध्यावर सर्वांत जास्त असतो, म्हणून मध्याजवळचा स्क्रीन सर्वाधिक काम करतो आणि टोकाजवळचा जवळजवळ काहीच नाही.

स्क्रीनचा अडथळा पाण्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे हलक्या वाऱ्यात डॅम्पिंग कमी आणि वादळात जास्त. नेमके ५ टक्के एकाच तीव्रतेच्या वाऱ्याला मिळतात. कोणत्या, हे तुम्ही ठरवायचे. निवासी इमारतीत लोक वर्षातून अनेकदा येणाऱ्या वाऱ्याने हैराण होतात, म्हणून मी एक ते दहा वर्षांच्या वाऱ्याच्या दरम्यानची पातळी निवडतो. पट्ट्या बोल्टने काढता-लावता येतील अशाच ठेवा. शक्य असेल तर लहान प्रतिकृती हलत्या टेबलावर तपासा. लाटा फुटू लागल्या की सूत्रे कमी पडतात.

लाट किती उंच जाईल

दहा वर्षांच्या वाऱ्यात आपली इमारत माथ्याला मधल्या स्थितीपासून सुमारे साडेनऊ सेंटिमीटर झुलते. हलणारे पाणी त्याच्या सातपट सरकते आणि टोकाच्या भिंतीपाशी पृष्ठभाग ४३ सेंटिमीटर चढतो. हे साध्या सूत्राचे उत्तर. प्रत्यक्षात लाटेचा माथा याहून टोकदार आणि उंच असतो, शिवाय पन्नास वर्षांचे वादळ यायचे बाकीच आहे. म्हणून पाण्याच्या वर १.२ मीटर मोकळी उंची ठेवा. कमाल खोली २.५७ धरली तर आतली उंची ३.८ मीटरच्या जवळ जाते. मजल्याची उंची वास्तुरचनाकाराकडून त्यानुसार सुरुवातीलाच मागून घ्या. नंतर मागितलेली उंची मिळत नाही.

भिंतींवर आणि छतावर आदळणाऱ्या पाण्याचा जोर, स्क्रीनच्या आधारांवरचे बळ आणि भूकंपातले हिंदकळणे हे तिन्ही वेगवेगळे तपासा. काँक्रीटच्या टाकीला आयएस ३३७०, भूकंपासाठी आयएस १८९३ भाग २. गळती खालच्या महागड्या फ्लॅटमध्ये उतरते, म्हणून टाकी भरून ठेवण्याची चाचणी कमाल २.५७ मीटर खोलीच्या हिशेबाने आखा, रोजच्या पातळीच्या नाही.

मोजा, मगच भरा

रचना, भिंती आणि दर्शनी काचकाम पूर्ण झाल्यावर, टाकी रिकामी असताना, वरच्या मजल्यांवर मंद कंपने टिपणारे संवेदनशील ॲक्सेलरोमीटर बसवा. किमान तीन हवेत: दोन एकाच दिशेला मजल्याच्या दोन टोकांना, म्हणजे पीळ वेगळा ओळखता येईल, आणि एक आडव्या दिशेला. साध्या रोजच्या वाऱ्यातले कंपन पुरते. पण पाच सेकंदांच्या हेलकाव्याची वारंवारता आणि विशेषतः डॅम्पिंग नीट काढायला काही तासांची सलग नोंद लागते. अर्ध्या तासाच्या नोंदीवरून डॅम्पिंग सांगणाऱ्या अहवालावर विश्वास ठेवू नका.

मोजलेल्या वारंवारतेत दोन दुरुस्त्या करा. घरे भरल्यावर वजन वाढेल, आणि जोराच्या वाऱ्यात इमारत मंद वाऱ्यापेक्षा थोडी सावकाश डोलते. दोन्हींचा परिणाम वारंवारता उतरण्याकडेच होतो. त्यानंतर पातळी काढा, टाकी भरा आणि पुन्हा मोजा. टाकी नीट जुळली असेल तर वारंवारतेच्या आलेखात एका उंच टोकदार शिखराच्या जागी दोन बुटकी, रुंद शिखरे दिसतात. डावे उंच असेल तर पाणी इमारतीच्या मानाने जास्त भरभर हलते आहे, पातळी थोडी उतरवा. उजवे उंच असेल तर वाढवा. प्रत्येक बदलानंतर पुन्हा नोंद घ्या.

टाकी जिवंत ठेवणे

रोजच्या वापराची गच्चीवरची टाकी डॅम्पर होऊ शकत नाही, कारण तिची पातळी सकाळ-संध्याकाळ बदलते. अग्निशमनाचा राखीव साठा मात्र बहुतेक काळ स्थिर असतो. वन वॉल सेंटरमध्ये डॅम्परचे पाणी आगीसाठीही उपलब्ध ठेवले आहे. आपल्याकडे असे करायचे असेल तर अग्निशमन सल्लागाराला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या, आणि पंपाच्या चाचणीनंतर पाणी पुन्हा खुणेपर्यंत भरण्याची जबाबदारी लेखी ठरवा.

टाकी झाकलेली असली तरी बाष्पीभवन होतेच. फ्लोट व्हॉल्व्ह आणि ओव्हरफ्लो ठरलेल्या पातळीला बसवा, आणि भिंतीवर कायमची खूण व मोजपट्टी रंगवा. शेवाळ आणि गंज टाळण्यासाठी पाण्यात योग्य औषध घाला. मुंबईत टाकी डासरोधक असणे बंधनकारक आहे, म्हणून झाकणे घट्ट आणि हवेच्या नळ्यांना बारीक जाळी हवी. दरवर्षी पावसाळ्याआधी पातळी, स्क्रीनचे बोल्ट आणि सांधे तपासा.

इमारतीत बहुतेक कुटुंबे राहायला आली की वारंवारता पुन्हा एकदा मोजून घ्या, आणि नवी पातळी ठरली तर जुनी खूण खरवडून काढा. दोन खुणा राहिल्या की काही वर्षांनी येणारा प्लंबर हमखास चुकीच्या खुणेपर्यंत भरतो. टाकीच्या दारावर पाटी लावा: ही पाण्याची साठवण टाकी नाही, पातळी बदलू नये. ताबा देताना सोसायटीच्या कागदपत्रांत मोजणीचे अहवाल, पातळीचा तक्ता आणि स्क्रीनचे नकाशे द्या. त्या तक्त्यात वारंवारता आणि तिला लागणारी खोली दर पाच सेंटिमीटरला लिहिलेली असावी, म्हणजे पुढच्या अभियंत्याला सूत्र शोधत बसावे लागणार नाही.